मुंजा, फलाट क्रमांक १० ए

मराठी भयकथेने महाराष्ट्राच्या नकाशाची वाटणी फार पूर्वीच करून टाकली आहे. भूत राहणार कोकणात, नाहीतर गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात. त्याच्यावर कादंबरी लिहिणार पुण्याचा लेखक. ती वाचणार डोंबिवलीचा वाचक, गाडीत, एका हाताने कडी धरून. आणि भूत खरोखरच पाहिलं असं जो हट्टाने सांगेल त्याला 'ठाण्याला पाठवा', कारण तिथे १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. हा वाक्प्रचार दुष्ट होता आणि तो मागे पडत चालला आहे हे उत्तमच. पण त्यात एक वाङ्मयीन अन्यायही होता, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. भूत पाहिलेली माणसं ठाण्याला येत राहिली. भूत मात्र एकही आलं नाही. कोकणातला माणूस गाव सोडून आला, चाळीत राहिला, चाळीतून फ्लॅटात गेला. गावची देवी त्याने फोटोतून आणली, लोणचं बरणीतून आणलं, भांडणं तर वकिलासकट आणली. भूत तेवढं तिकडेच ठेवलं, बंद घराला राखण म्हणून.

हे सगळ्यात जास्त खटकतं ते कोपरीच्या बाबतीत. कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनची पूर्व बाजू; एकीकडे रूळ, दुसरीकडे खाडी. भुताच्या संसाराला लागतं ते सगळं इथे तयार आहे. खाडीकाठची खारफुटी आहे, जिथे भरतीचं पाणी रात्री कोणाला न विचारता आत येतं. मिठाशी संबंध संपून गेला तरी मीठबंदर हे नाव न सोडणारा रस्ता आहे. चेंदणीचा कोळीवाडा आहे. फाळणीत घरंदारं मागे टाकून आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती आहे; अपुऱ्या राहिलेल्या इच्छांचा एवढा साठा दुसऱ्या कुठल्या उपनगरात सहज मिळणार नाही. बारा बंगला नावाचा थांबा आहे, आणि रहस्यकथेला याहून बरं शीर्षक कोणाला सुचणार? शिवाय कोपरीचा रेल्वेवरचा पूल आहे, जिथे रुंदीकरण होईपर्यंत वर्षानुवर्षं हजारो अतृप्त आत्मे रोज सकाळी मुंबईच्या दिशेला तोंड करून अडकलेले दिसत. एवढं असून कोपरीच्या नावावर मराठीत एकही प्रतिष्ठित भूत नाही. माझं म्हणणं असं की ही उणीव कोपरीची नाही, आपल्या कादंबरीची आहे. आणि इथली पोरं लंडन-न्यूयॉर्कची भुतं वाचत बसतात याचं कारणही तेच आहे.

ही पोरं जे वाचतात त्याला इंग्रजीत 'अर्बन फँटसी' म्हणतात. प्रकार सोपा आहे. शहर खरं, रस्ते खरे, गाड्यांच्या वेळा खऱ्या, फक्त रहिवाशांपैकी काही जण माणसं नाहीत. नील गेमनच्या 'नेव्हरव्हेअर'मध्ये (१९९६) लंडनच्या भुयारी रेल्वेखाली दुसरं लंडन आहे आणि 'अर्ल्स कोर्ट' म्हणजे भुयारी गाडीच्या डब्यात खरोखरचा अर्ल दरबार भरवून बसलेला आहे. जिम बुचरच्या मालिकेतला शिकागोचा जादूगार टेलिफोन डिरेक्टरीत आपलं नाव 'जादूगार' या सदराखाली छापतो, प्लंबरसारखं. रिक रायर्डनच्या पर्सी जॅक्सनला ग्रीक देव भेटतात ते न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर, लिफ्टने. आणि हॅरी पॉटरची गाडी किंग्ज क्रॉसच्या पावणेदहा नंबरच्या फलाटावरून सुटते हे तर कोपरीतल्या सातवीतल्या मुलालाही पाठ असतं. त्याच मुलाच्या घरापासून चालत काही मिनिटांवर ठाणे स्टेशनात फलाट क्रमांक १० ए आहे. एकच गाडी, डावीकडे उतरलात तर दहा, उजवीकडे उतरलात तर दहा ए. इंग्रजांनी पाव कमी दहाचं साम्राज्य उभं केलं. आपण दहाच्या पुढे 'ए' लावला आणि त्यावरून वाशीला गेलो.

आपल्याला हे जमतच नाही असं म्हणावं, तर पुरावा उलट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. त्या काळच्या जुन्या माणसांनी त्या धूर ओकणाऱ्या इंजिनाला नाव दिलं होतं 'चाक्या म्हसोबा'. या दोन शब्दांकडे जरा थांबून पाहा. म्हसोबा हा शेताच्या बांधावरचा, शेंदूर फासलेला, नारळ-कोंबड्याशिवाय न ऐकणारा रांगडा देव. त्याला चाकं लावली की झाला चाक्या म्हसोबा: नवं यंत्र, जुनी भीती, आणि वर वेळापत्रक. इंग्रजीतल्या समीक्षकांना शहर आणि अद्भुत यांची सांगड कशी घालावी यावर पुस्तकं लिहावी लागली. आपल्याकडे ते काम कोणा निरक्षर म्हातारीने दोन शब्दांत उरकलं होतं. दुर्दैव असं की त्या म्हातारीला प्रकाशक मिळाला नाही. पुढे कादंबरी लिहायला शिकलेली माणसं बसली, आणि त्यांनी इंजिन घेतलं शहराला, म्हसोबा दिला गावाला.

कच्च्या मालाचीही कमतरता नाही. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींची माहिती गोळा केली होती, त्यात गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरं होती. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. राहिलेलं काम आर. ई. एन्थोवेन यांनी पुरं केलं आणि १९१५ साली कोकणचा खंड निघाला. मास्तर मंडळींनी भुतांची जी वर्गवारी दिली आहे ती वाचताना आपण एखाद्या सरकारी खात्याचा सेवापट वाचतो आहोत असं वाटतं. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मणाचा पोर गेला तर मुंजा, मुक्काम पिंपळ. विद्येचा गर्व झालेला ब्राह्मण गेला तर ब्रह्मग्रह. पाण्यात बुडून मेला तर गिऱ्हा, कार्यक्षेत्र विहीर आणि नदी. देवचार गावाच्या चारी बाजूंना. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. गावकुसाबाहेरच्या माणसाचा खवीस. जी जात नाही ती जात असं आपण म्हणतो, त्याचा याहून भक्कम पुरावा कुठे मिळणार? माणूस जळून राख झाला तरी दाखला शाबूत. युरोपचा रक्तपिपासू सरदार म्हणजे एकटा संस्थानिक. त्याला ना हद्द, ना हुद्दा, ना वरिष्ठ. आपलं भूत हद्दीबाहेर काम करत नाही, मानाचा नारळ घेतल्याशिवाय फाईल पुढे सरकवत नाही, आणि सगळ्यांच्या वर वेताळ बसलेला आहे. एवढी तयार नोकरशाही हाताशी असताना जो लेखक नायकाला पुन्हा वाड्यावरच पाठवतो, त्याला आळशी म्हणायला माझी हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप जागेचा येतो. भुताला माळा लागतो, परसातली विहीर लागते, दिंडी दरवाजा करकरायला लागतो. साडेतीनशे चौरस फुटांत ते वावरणार कुठे, घरच्या माणसांनाच पाय पसरायला जागा नाही. आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण कोपरीतल्या एखाद्या जुन्या चार मजली इमारतीची मागची बाजू डोळ्यांपुढे आणा. तिसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याचा पाईप जिथे वळतो तिथल्या भेगेत, पिंपळाचं रोप उगवलेलं असतं. बोटभर खोड, सहा-सात पानं, खाली ओलीचा काळा ओघळ. सोसायटी ते दर पावसाळ्याआधी छाटते आणि ते दर पावसाळ्यात परत येतं. मुळापासून उपटायला कोणी तयार होत नाही, कारण पिंपळ आहे, आणि कारण उपटला तर पाईप सोबत येईल. मुंजाला राहायला याहून कायदेशीर जागा कुठली? तो भाडेकरू नाही, मालक नाही, पागडीवालाही नाही; आणि इमारत महापालिकेने अतिधोकादायक ठरवून सी-१ यादीत टाकली, की पुनर्विकासात पात्र कोण हा प्रश्न त्याच्यापुढेही उभा राहणार. बिल्डरने दिलेल्या करारावर सह्या करायला अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस सभासद तयार, आणि एक जण मेलेला असूनही विरोधात. मी तर म्हणेन की भीतीला जागा लागतच नाही, तिला दाटी लागते. वाड्यात पाऊल वाजलं तर ते भुताचं हे उघड असतं. चाळीच्या गॅलरीत रात्री दोनला पाऊल वाजलं तर ते बावीस जणांपैकी कोणाचंही असू शकतं, आणि तेविसाव्याचंही.

दुसरा आक्षेप आईवडिलांचा. मुलं, त्यातही मुली, ही रक्तपिपासूंच्या प्रेमाची पुस्तकं वाचून वाया जातात. स्टेफनी मेयरच्या 'ट्वायलाइट'वर (२००५) हा आरोप जगभर झाला आणि तो सगळा खोटा नाही. त्यातला एडवर्ड १९०१ साली जन्मलेला, म्हणजे तो आणि आपलं मनोरुग्णालय एकाच वयाचे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता तो रक्तपिपासू झाला, आणि तेव्हापासून सतराच वर्षांचा राहून पुन्हा पुन्हा शाळेत जातो. मराठी पालकाला या पुस्तकात भीतीदायक काही असेल तर ते हे: पोरगा शंभर वर्षं बारावीच्या आसपासच. रक्ताचं त्यांना विशेष वाटत नाही, मुलं आईबापांचं रक्त आटवतात हे त्यांच्या अनुभवातलंच आहे. पण हे पुस्तक मुलींनी डोक्यावर का घेतलं याचं उत्तर द्यायला हवं, आणि ते आपल्या कपाटातच सापडतं. आपल्या भुताच्या गोष्टीत तरुण मुलीला बहुधा एकच काम असतं, झपाटलं जाण्याचं. तिचे केस सुटतात, आवाज बदलतो, मग घरातले पुरुष बाहेरच्या पुरुषाला बोलावतात, तो तिला बरी करतो आणि शेवटच्या पानावर ती चहा घेऊन येते. भयकथाकार नारायण धारपांचे नायक समर्थ कितीही भले, शांत आणि सुसंस्कृत असले तरी ते येतात आणि सोडवतात. सुटणारीला कोणी विचारलेलं नसतं. ट्वायलाइटची बेला तशी बावळट आहे, तिची निवड तर भयंकरच आहे, पण ती निवड तिची आहे. भुताशी काय करायचं हे ती स्वतः ठरवते. चौदा वर्षांच्या मुलीला हा फरक एका पानात कळतो, समीक्षकाला एका परिसंवादातही कळत नाही.

तिसरा आक्षेप विवेकवाद्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा येऊ शकला, तिथे भुताखेतांना नवे पत्ते कशाला मिळवून द्यायचे? पण तो कायदाच नीट वाचला तर उत्तर मिळतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधणं, चटके देणं याला त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गोष्ट सांगण्याला नाही. कादंबरीकार आणि बाबा यांच्यातला फरक हाच, की कादंबरीकार आपण खोटं सांगतो आहोत हे मुखपृष्ठावर छापून देतो, आणि त्याचं भूत दोनशे पानांत संपतं. बाबाच्या भुताला दर अमावास्येला नवा हप्ता लागतो. याहून मोठा साक्षीदार हवा असेल तर गोपाळ गणेश आगरकर आहेत. बुद्धिवादाचं दुसरं नाव म्हणजे आगरकर. त्यांनी मराठीत आणण्यासाठी शेक्सपिअरचं नाटक निवडलं ते 'हॅम्लेट', ज्याच्या पहिल्याच प्रवेशात किल्ल्याच्या तटावर मेलेल्या राजाचं भूत फिरतं. 'विकारविलसित' १८८३ साली आलं, आणि त्यामुळे महाराष्ट्रात कोणी तटावर पहारा द्यायला घाबरू लागल्याचं ऐकिवात नाही. आगरकरांना भूत आणि भूतबाधा यांतला फरक कळत होता.

राहता राहिला उसनवारीचा आरोप. धारपांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे हे जाणकार वाचक गालातल्या गालात हसून सांगतात. आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ते पहिल्या पानावर छापलं असतं तर बरं झालं असतं. पण उसनं आणलेलं इथल्या मातीत रुजलं की त्याचं काय होतं, हे 'तुंबाड'ने २०१८ साली दाखवलं. राही अनिल बर्वे यांच्या त्या चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, बी धारपांच्या 'आजी' कथेचं, आणि त्या आजीमागे पुन्हा किंगचीच आजी. एवढ्या आज्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोर शेवटी बोललं मात्र हिंदीत. २०२४ साली आपला कोकणातला मुंज्याही हिंदीतच गाजला. मराठी भूत कोकणातून निघालं की मेल गाडीसारखं ठाण्याला न थांबता थेट हिंदीत जाऊन उतरतं. रत्नाकर मतकरींनी भयाला मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात आणून बसवलं होतं हे खरं, आणि ते काम मोठं आहे. पण त्यांची भीती माणसाच्या मनात राहते. मनाला पिनकोड नसतो. मी मागतो आहे ते पिनकोड असलेलं भूत: ४००६०३.

आणि सरतेशेवटी कोणीतरी म्हणतंच, की आमचं रोजचं जगणंच इतकं अद्भुत आहे, वेगळी कादंबरी हवी कशाला? २०२० साली डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रासायनिक रंगाने गुलाबी झाला होता. मुख्यमंत्री पाहून गेले. त्याआधी याच गावात हिरवा पाऊस पडून गेला होता. हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'अतिरंजित' असा शेरा मारून साभार परत पाठवलं असतं. मला हा आक्षेप वाटतच नाही, हा कादंबरीचा आराखडा वाटतो. बेन अ‍ॅरोनोविचच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन'मध्ये (२०११) एक साधा पोलीस शिपाई खुनाच्या जागी पहारा देत असतो आणि भुताचा जबाब नोंदवून घेतो, प्रत्यक्षदर्शी म्हणून. पुढे त्याला लंडनच्या नद्या भेटतात, बायका होऊन. त्यातल्या टायबर्नसारख्या कधीच गटारात गाडल्या गेलेल्या, पण त्यांचा तोरा उतरलेला नाही. आता अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला येणारी वालधुनी घ्या. अशी बाई दाराशी उभी राहिली तर ती काय नेसलेली असेल, सकाळी कुठला रंग, रात्री पाणी सोडल्यावर कुठला? तिचा जबाब कोणत्या पोलीस ठाण्यात घेणार, हद्द कोणाची, आणि आरोपीच्या रकान्यात किती नावं मावणार? प्रदूषणावरचे अहवाल आपण वाचत नाही. नाकावर पदर धरलेली, संतापलेली, जिन्यात वास मागे ठेवून जाणारी नदी मात्र कोणीही वाचेल, सातवीतला मुलगाही आणि त्याची आईही.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. रहस्यकथा आणि गूढकथांना 'धनंजय' आणि 'चंद्रकांत'ने दर दिवाळीला घर दिलं. धारप साकेत प्रकाशनाने पुन्हा छापले. म्हणजे वाचक आहे. येत्या अंकासाठी कथा मागवताना एकच अट घाला: कोणीही एसटीने गावी जायचं नाही. पडका वाडा, कंदील आणि म्हातारा गडी हे तीन जिन्नस या वर्षापुरते बंद. आणि लेखक मंडळी, सुरुवात कुठून करायची हे अडत असेल तर रात्रीची शेवटची गाडी गेल्यावर ठाणे स्टेशनात पूर्वेच्या बाजूने या. कोपरीतून आत शिरलं की पहिला लागतो तोच फलाट क्रमांक १० ए.